दुधाच्या किटलीतलं ऑइल

सांडू गाडीखालून सरपटत बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "मामा, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलून बांधावं लागंल."

मल्हाररावांनी जावयाकडे असं बघितलं, की बाजूला उभा असलेला रिक्षावालासुद्धा दोन पावलं मागं सरला. कंपनीत एखाद्या नवख्यानं मायक्रोमीटर उलटा धरला की ते असंच बघायचे.

"असं म्हणता, जावईबापू?" ते म्हणाले. "बरं, बरं. तुम्ही म्हणता म्हणजे गेल्याच असतील."

जावयाला अहो-जाहो करायचं हा रिवाज, आणि मल्हारराव तो काटेकोर पाळायचे. पण त्यांच्या तोंडचं 'जावईबापू' ऐकलं की त्यापेक्षा शिवी परवडली असं वाटायचं.

मल्हारराव चितेगावच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. बाप मेंढरं घेऊन पैठणपासून घाटापर्यंत हिंडला. मल्हाररावांनी आयटीआय केलं, फिटर झाले आणि हेडफिटर म्हणून रिटायर झाले. हातात कसब होतं. बंद पडलेल्या मशिनीला कान लावून ते सांगायचे की कुठलं बेअरिंग बोंबलतंय, आणि तेच निघायचं. पण त्या कसबासोबत त्यांना एक खोड जडली होती. दुसऱ्या कुणाला काही येत असेल, हे त्यांना पटतच नसे. इंजिनिअर लोक त्यांच्या लेखी इस्त्रीच्या शर्टातली बुजगावणी. गॅरेजवाले म्हणजे पान्यानं नट गोल करणारी जमात. आणि सगळ्यांच्या खाली, पार तळाला, सांडू.

सांडूला कंपनीत चिकटवला होता तो मल्हाररावांनीच. पोरगा शांत, मेहनती, नात्यातला. परमनंट झाला तशी लेक वच्छला त्याला दिली. आणि लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच या गड्यानं राजीनामा दिला आणि मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनाच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. परमनंट नोकरी लाथाडून लोकांच्या गाड्यांखाली लोळायला गेला! मल्हाररावांना ती बेइज्जती आपलीच वाटली. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती. गॅरेज चांगलं चालत होतं, वच्छला सुखात होती, पण मल्हाररावांच्या डोळ्यांना अजून तो राजीनाम्याचा कागदच दिसायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली. घेताना सांडूला विचारलं नाही. वर्षभरात ती निळा धूर ओकायला लागली आणि ऑइल प्यायला लागली. आक्काबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठं ते गाडी घेऊन मुकुंदवाडीला आले होते.

"हे बघा मामा." सांडूनं चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढलं. भातावरचं झाकण काढावं तशी भकाभका वाफ वर आली. "पिस्टनच्या बाजूनं गॅस खाली उतरतोय."

"जावईबापू, ही वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या पायपात जाते. तिच्यासंगं ऑइलचे थेंब जातात, ते जळतात, म्हणून निळा धूर. ती वाफ मधीच अडवली, ऑइल येगळं काढलं, की खेळ खलास. त्यासाठी इंजिन खोलायला लावणं म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पाय कापणं."

सांडूनं झाकण परत लावलं. "अडवाल मामा. पण वाफ येतीय कशापायी?"

असल्या प्रश्नांना उत्तर देण्याइतके आपण खाली आलेलो नाही, अशा थाटात मल्हारराव गाडीत बसले आणि स्टेशनच्या रस्त्यावर निळा ढग सोडून निघून गेले.

घरी येऊन त्यांनी मोबाईल काढला. वाफेतलं ऑइल अडवणाऱ्या डब्याला ऑइल कॅच कॅन म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. बनवतात कसा तेवढं बघायचं होतं. पडद्यावर एक गोरा पोरगा प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडत होता. दुसरा कुणी दिल्लीकडचा, बागेला पाणी द्यायची नळी गरम इंजिनवर चढवत होता. मल्हारराव प्रत्येकाला ऐकवत होते. "अरे येड्या, ती नळी गरम झाली की गायीच्या आचळासारखी लोंबंल." "कामून रे, तुझ्या बापानं कधी ऑइल बघितलं होतं का?" आक्काबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोणाशी बोलताय हो?" आणि ते म्हणायचे, "जगाशी."

मग त्यांनी स्वतः काम धरलं, आणि खरं सांगायचं तर काम देखणं केलं. आक्काबाईंची दुधाची स्टीलची किटली होती, दीड लिटरची, कडीनं घट्ट बसणाऱ्या झाकणाची. ती न विचारता उचलली. झाकणाला दोन भोकं अशी पाडली की कडेला कुसाएवढाही काटा नाही. एक नळी वाफ आत आणणारी, ती आत खोल उतरवली. दुसरी वाफ बाहेर नेणारी, ती वरच ठेवली. मधे जाळीच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामधल्या जागेत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली. वाफ घासणीतून जाताना ऑइल तिला चिकटणार, थेंब थेंब खाली पडणार, आणि कोरडी वाफ पुढं टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणार. लोखंडी घासणी घेतली नाही, कारण तिचे तुकडे सुटतात आणि टर्बोत जातात. हे मोबाईलवरच्या एकालाही माहीत नव्हतं, असं ते दोन दिवस सांगत फिरले.

नळी जोडायचे पितळेचे निपल करून घ्यायला ते गावातल्या बद्रीनाथच्या लेथवर गेले. बद्रीनाथ त्यांच्याच वयाचा, बोलायला कमी. त्यानं किटली फिरवून बघितली.

"बुडाला एक कॉक लावून देऊ का? ऑइल सोडायला सोपं जाईल. आन् बाजूनं पारदर्शक नळी लावू. आत किती साठलं ते बाहेरून दिसंल."

"कशाला? दुकान मांडायचंय का मला?"

"कळलं पायजे ना, भरली का नाय ते."

"बद्रीनाथ, निपल कर. डोकं मी लावलंय."

बद्रीनाथनं निपल केले.

खरी गोष्ट अशी होती की किती साठतं हे बाहेरून कुणाला दिसावं, असं मल्हाररावांना वाटत नव्हतं. ते त्यांनी स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं मशिनी ऐकलेला माणूस. कुठंतरी त्यांना आपल्या गाडीचं ऐकू येतच होतं.

किटली बॅटरीच्या शेजारी पट्टीनं आवळून बसवली, ऑइलला टिकणारी जाड नळी जोडली, क्लिपा कसल्या. गाडी सुरू केली. आणि धूर खरंच कमी झाला. पार गेला नाही, पण निम्म्याहून कमी झाला.

दुसऱ्याच दिवशी ते मुकुंदवाडीला गेले. गॅरेजसमोर चार गिऱ्हाइकं उभी असताना गाडी आडवी लावली आणि रेस दिली.

"बघा जावईबापू! दिसतोय का धूर? इंजिन बांधायचं होतं नव्हं तुम्हाला?"

सांडूनं बोनेट उघडून किटली बघितली. झाकणावरून अंगठा फिरवला. "काम लई साफ आहे मामा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "किती दिवसानं भरती?"

"भरायला ती काय विहीर आहे? महिन्याला चमचाभर येतं."

ती पहिली थाप. किटली बसवून त्यांना एकच दिवस झाला होता, हेही गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. सांडूच्या आलं असावं, पण तो काही बोलला नाही आणि बोनेट लावून आपल्या कामाला गेला. त्याचं हे न बोलणं मल्हाररावांना मख्खपणा वाटायचा.

सुरुवातीला चार दिवसांत पेलाभर ऑइल निघायचं. महिना झाला तसं रोज पेलाभर निघायला लागलं. सकाळी उजाडता उजाडता मल्हारराव घराच्या मागं गाडी घ्यायचे, किटली काढायचे, आतलं काळं ऑइल फडक्यातून गाळायचे आणि परत इंजिनात ओतायचे. आक्काबाई शेणकूट करता करता हे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "सांडूला दाखवा की एकदा."

"त्या पंक्चरवाल्याला?"

"त्यानं कधी पंक्चर काढलं हो?"

"नसंल काढलं. येत नसंल."

अशात मल्हाररावांच्या बहिणीच्या मुलीचा, आवडाचा, साखरपुडा ठरला. बहीण दगडाबाई वैजापूरला दिलेली. नवरा मागंच गेलेला, त्यामुळे बैठकीत पुढं बसायचं ते मामानं. नवरदेवाचे चुलते काकासाहेब मार्केट यार्डात धान्याचे व्यापारी, मोठ्या बोलाचालीचे. मल्हाररावांनी नवा पांढरा सदरा शिवला, फेटा आणला.

रविवारी साखरपुडा, आणि वच्छला-सांडू बुधवारीच चितेगावला राहायला आले. सगळे मिळून एकाच गाडीनं जायचं होतं. इथंच घोळ झाला. सांडूला उजाडायच्या आधी उठायची सवय. गुरुवारी सकाळी मल्हारराव मागच्या अंगणात गेले, तर जावई तिथं खाटेवर बसून चहा पीत होता.

"काही काढायचंय का मामा?"

"नाय. हवा बघत होतो टायरमधली."

शुक्रवारी तेच. शनिवारी मल्हाररावांनी दुपारी डाव साधला; सांडू वच्छलासोबत किराणा आणायला गेला होता. बोनेट उघडलं, पट्टीचा नट सैल केला, तेवढ्यात दोघं परत आले. पिशवी ओट्यावर ठेवून सांडू जवळ आला. "धरू लागू का?"

मल्हाररावांनी नट परत कसला आणि बोनेट धाडकन आपटलं. "मी काय लुळा आहे?"

त्या चार दिवसांत गाडी एकसारखी पळत होती. साड्या, मिठाई, पाहुणे आणणं, पाहुणे सोडणं. किटलीत काय साठतंय हे मल्हाररावांना कळत होतं. सरळ जावयासमोर झाकण उघडायचं आणि ओतून द्यायचं, दोन मिनिटांचं काम. पण झाकण उघडलं की सांडू बघणार, आणि त्याला कळणार की तो पहिल्या दिवशीच खरं बोलला होता. त्यापेक्षा वैजापूरला पोचल्यावर बघू, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी सात माणसं गाडीत बसली. पुढं मल्हारराव आणि भावकीतले एक म्हातारे चुलते, मधे आक्काबाई, वच्छला आणि भावकीतल्या एक काकू. मागच्या आडव्या सीटवर मिठाईच्या खोक्यांशेजारी सांडू आणि काकूंचा लेक. वच्छला म्हणाली, "बाबा, यांना पुढं बसू द्या ना. पाय आखडतात त्यांचे."

"जावईबापूंना गाडीखाली झोपायची सवय आहे," मल्हारराव आरशात बघत म्हणाले. "मागं तर गादी आहे."

चुलते हसले. वच्छला खिडकीबाहेर बघायला लागली.

शहर मागं पडलं, माळीवाडा गेला, लासूर स्टेशन गेलं. पुढं रस्त्यावर उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी डुलत चालली होती. मल्हारराव बराच वेळ तिच्या मागं राहिले, मग वैतागले. जरासा चढ होता. त्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय पार तळाला दाबला.

ट्रॉली मागं पडली. त्यांनी पाय काढला. इंजिन मात्र खाली आलं नाही. उलट आवाज चढतच गेला. मल्हाररावांनी क्लच दाबला, तशी गाडी अशी किंचाळली की पुढचे चुलते कानावर हात ठेवून देवाचं नाव घ्यायला लागले. कशीबशी गाडी बाजूला घेऊन ब्रेक लावला, गिअर काढला, चावी फिरवली. चावी उपसून हातात घेतली. आणि चावी हातात असताना इंजिन चालूच राहिलं. चालू नव्हे, सुटलं होतं. मागून पांढरा-निळा धूर असा निघाला की रस्ता दिसेना.

"उतरा! सगळे उतरा!" आक्काबाई ओरडल्या. माणसं भराभरा उतरून शेताच्या कडेला पळाली. मल्हाररावही उतरले. हातात चावी धरून ते गाडीकडे बघत उभे राहिले. आयुष्यात कुठलीही मशीन त्यांनी बंद हो म्हटल्यावर चालू राहिली नव्हती.

सांडू मागच्या दारानं उतरला तो धावतच त्यांच्याकडे आला. "मामा, टॉपचा गिअर टाकून ब्रेकवर क्लच सोडायला पायजे! ते तेल पिऊन पळतंय, डिझेलवर नाय! चावीनं बंद व्हायचं नाय ते!"

"तू मला शिकवतो?" मल्हारराव ओरडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाला अरे-तुरे केलं. "तू मला शिकवतो रे?"

सांडूनं त्यांना हातानं बाजूला सारलं आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला. वच्छला किंचाळली, "अहो, नका! फुटंल ते!" त्यानं मागं बघितलं नाही. हँडब्रेक ओढला, एका पायानं क्लच आणि दुसऱ्यानं ब्रेक जोर लावून दाबला, शेवटचा गिअर घातला आणि क्लच सोडला. गाडी म्हशीसारखी उसळली, हात-दीड हात पुढं घसरली, जळक्या क्लचचा वास सुटला, आणि इंजिन एकदम गप झालं.

शेतातले कावळे तेवढे ओरडत होते. सांडू खाली उतरला. त्यानं बोनेट उघडलं, सदऱ्याच्या टोकानं धरून किटलीची कडी सोडली. ऑइल गळ्यापर्यंत होतं. घासणी त्यात बुडून गेली होती. वरच्या नळीतून इंजिनानं ते ऑइल टर्बोच्या वाटेनं थेट ओढून घेतलं होतं.

"ही कवापासून रिकामी केली नाय?" त्यानं विचारलं. आवाज चढला नव्हता.

उत्तर आक्काबाईंनी दिलं. "बुधवारपासून. रोज पेलाभर काढून परत इंजिनात ओतत होते. तुम्ही आलात, आन् तुमच्यासमोर काढायची यांना लाज वाटली." त्या बोलत होत्या जावयाशी, पण बघत होत्या नवऱ्याकडे. मल्हारराव इतकी वर्षं ज्या नजरेनं जगाकडे बघत आले, तशाच नजरेनं. "सात माणसं घेऊन निघाले, पण झाकण उघडलं नाय."

मुहूर्त टळत होता. सांडू म्हणाला, "मी थांबतो गाडीजवळ. उचलायला गाडी बोलावतो. तुम्ही निघा, मामाशिवाय बैठक बसायची नाय." बायकांना, म्हाताऱ्यांना आणि काकूंच्या लेकाला एसटीत बसवून दिलं. तीत जागा उरली नाही, म्हणून मल्हारराव कांदा टाकून आलेल्या एका रिकाम्या पिकअपमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून गेले. नव्या सदऱ्याच्या पोटावर कधी ऑइलचा पंजा उमटला, त्यांना कळलंही नाही.

वैजापुरात बैठक खोळंबली होती. काकासाहेबांनी त्यांना पायापासून फेट्यापर्यंत बघितलं. "काय हो मल्हारराव, गाडीशी कुस्ती खेळून आलात काय?"

माणसं हसली. चाळीस माणसं होती, आणि त्या हसण्यात मल्हाररावांचा सगळा मान वितळायला लागला. तोंडातून शब्द निघून गेले.

"काय सांगावं काकासाहेब. आमचे जावई गॅरेजवाले आहेत ना. त्यांनी गाडीत कसलंतरी डबडं बसवलं होतं प्रयोग म्हणून. ते भरलं आन् इंजिन सुटलं. थोडक्यात वाचलो."

"बाप रे! आन् मग?"

"मग काय. केलं बंद."

काकासाहेबांनी मान डोलावली. "हे गॅरेजवाले लई हुशाऱ्या करतात. तुम्ही होतात म्हणून बरं."

दाराच्या उंबऱ्याशी वच्छला उभी होती, हातात पेढ्यांचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ताट आवडाच्या हातात दिलं, आत जाऊन पिशवी घेतली आणि बापासमोरून बाहेर निघाली. साखरपुडा व्हायच्या आत, एक घासही न खाता, ती लासूरच्या रस्त्याला नवऱ्याकडे परत गेली.

नंतरचे वीस दिवस वच्छलानं बापाचा फोन उचलला नाही. आक्काबाई घरात लागेल तेवढंच बोलत होत्या. मल्हाररावांनी पहिला आठवडा सगळ्यांना नावं ठेवण्यात काढला. बद्रीनाथचे निपल बारीक होते. ट्रॉलीवाल्यानं वाट दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात नावं ठेवायला माणसं पुरेनात. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी बस धरली आणि ते मुकुंदवाडीला उतरले.

त्यांची गाडी शेडच्या आत होती, इंजिन बाहेर काढून घोडीवर चढवलेलं. सांडूनं टॉर्च पुढं केला. मल्हारराव वाकले आणि त्यांनी सिलिंडरच्या आत बोट घातलं. वरच्या बाजूला नख अडकलं. झिजेची अशी धार, की दुसरीतल्या पोरालाही कळावी. चारही सिलिंडरला तसंच. रिंगांचे तुकडे कागदावर मांडून ठेवले होते. हे काम इंजिन सुटलं त्या एका मिनिटाचं नव्हतं. वर्षा-दोन वर्षांचं होतं.

"व्हय," मल्हारराव म्हणाले. "गेल्यात."

सांडूनं टॉर्च विझवला.

"वच्छलानं सांगितलं असंल तुम्हाला. वैजापुरात मी तुमचं नाव घेतलं."

"तिनं नाय सांगितलं. काकासाहेबांनी सांगितलं." सांडू पाने जागेवर लावत होता. "त्याच संध्याकाळी फोन आला त्यांचा. नंबर दगडामावशीकडून घेतला. लई बोलले. माणसं बसवून असले प्रयोग करता, अक्कल आहे का म्हणले."

"मग तुम्ही काय म्हणलात?"

"चुकलं म्हणलं."

"चुकलं म्हणलं? कामून? तुमचा काय संबंध?"

"सोयरीक नवी होती. मामा थापा मारतो हे तिथं कळलं असतं तर त्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं." सांडूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमच्यासाठी नाय केलं मामा. आवडासाठी केलं."

मल्हाररावांना शिव्या खायची तयारी होती. सांडूनं ओरडावं, हात धरून बाहेर काढावं, याची तर ते वाट बघत आले होते. पण हे त्यांना सहन होईना. म्हणजे वीस दिवस ते या माणसानं झाकलेल्या अब्रूवर जेवत होते! आणि झाकली तीही त्यांच्यासाठी नाही. त्यांना संताप आला. खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच, गॅरेजच्या मधोमध, काकासाहेबांना लावला.

"काकासाहेब? मल्हारराव बोलतोय. चितेगाव. ऐका. ते डबडं मी केलं होतं. हां, गाडीतलं. मी. जावयानं नाय. तो पहिल्या दिवशी सांगत होता, इंजिन खोला. मी ऐकलं नाय. आन् बंद मी नाय केलं, त्यानं केलं. मी चावी घेऊन रस्त्यावर उभा होतो मूर्खासारखा... नाय, नाय, तुम्हाला ब्रीदर म्हणजे काय ते कळायचं नाय, तुम्ही तूर मोजा. एवढंच ध्यानात ठेवा, की तुम्ही ज्याला अक्कल विचारली, त्याच्याजवळ ती होती. माझ्याजवळ नव्हती. आन् पोरीला यावरून कुणी एक शब्द बोललं, तर मी वैजापूरला येऊन बसंन. ठेवतो."

गॅरेजात सगळं काम थांबलं होतं. एक गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत होतं. मल्हाररावांनी त्याला विचारलं, "काय बघतो? गाडी दाखवायला आला ना? मग दाखव. यांना कळतं."

सांडूनं मान खाली घातली. हसला की काय ते मल्हाररावांना दिसलं नाही.

काकासाहेब रागावले, हे खरं. चार दिवस दगडाबाईकडे निरोपांची ये-जा झाली. पण त्यांनाही घरच्यांपुढं कबूल करावं लागलं की असलं कुणी आपण होऊन फोन करून सांगत नाही. आवडाचं लग्न ठरल्या तारखेला झालं. लग्नात मल्हारराव पुढं बसले खरे, पण कुणी गाडीचं विचारलं की "जावयाला विचारा" म्हणून तोंड फिरवायचे, आणि म्हणताना अजून त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माणूस बदलतो म्हणजे किती बदलणार!

वच्छलानं मात्र फोनची गोष्ट ऐकूनही लगेच बोलणं सुरू केलं नाही. तिनं बापाला आणखी दीड महिना ताटकळत ठेवलं. आणि मग एके दिवशी चितेगावला येऊन, आक्काबाईंशी बोलता बोलता, मधेच वळून म्हणाली, "बाबा, चहा घेणार का?" मल्हारराव म्हणाले, "घेतो." साखर फार पडली होती. त्यांनी नावं ठेवली नाहीत. सगळा प्याले.